कोण ते नका, कुटं ते विचारा

गौतमभाऊंना बोलावणं म्हणजे एक डोकेदुखी घालवायला दुसरी घरी आणणं. मावळातल्या सगळ्या मशीनवाल्यांना हे ठाऊक आहे, आणि तरी मशीन बंद पडलं की प्रत्येकाचा हात त्यांच्याच नंबरावर जातो. मीही त्यातलाच. माझी एक पोकलेन आहे. म्हणजे लांब हाताच्या टोकाला दातेरी बकेट असलेलं, माती-दगड उकरणारं मशीन. त्या पोकलेननं आणि गौतमभाऊंनी मिळून माझे जेवढे केस पिकवले, तेवढे संसारानंसुद्धा पिकवले नाहीत.

आमच्याकडे तेलाचं काम करणारे मिस्त्री हवे तेवढे मिळतात. पाइप फुटला, सील गेलं, तर तेल गळताना डोळ्यांना दिसतं. विजेचं दुखणं दिसत नाही, तिथं सगळी बोंब. इंजिन धडधडत असतं, टाकीत तेल असतं, आणि मशीनचा हात मात्र रुसलेल्या जावयासारखा जागचा हलत नाही. मग साइटवर जो तो पुढं येऊन सांगतो, "शॉर्ट झालं असंल." हा शब्द गौतमभाऊंच्या कानावर पडला की संपलंच. ते हातातली पिशवी खाली ठेवायचे आणि बोलणाऱ्याला विचारायचे, "शॉर्ट म्हंजी काय? सांगा. आमाला बी कळू द्या." माणूस गप्प बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. इकडे माझं मशीन उन्हात उभं, आणि हे शिकवणी घेतायत!

भाऊ राहायला नवलाख उंबरे गावात. तळेगावच्या एका कारखान्यात बरीच वर्षं इलेक्ट्रिशियन होते, नोकरी सोडल्यावर ही कामं करायला लागले. अंगात कायम पांढराशुभ्र, इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ग्रीसनं माखलेल्या मशीनवर पांढरा शर्ट! पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, विम्याचा एजंट वाट चुकला. विचारलं तर म्हणाले, "पांढरं घातलं की माणूस घाई करीत न्हाई." आणि खरंच, घाई त्यांनी कधी केली नाही. केबिनमध्ये चढताना चपला बाहेर काढून ठेवायचे. त्यांच्यामागून चढणाऱ्याला पण काढायला लावायचे, मग तो मालक का असेना.

आणि त्यांची स्कूटर. दुनियेच्या वायरी जुळवणाऱ्या या माणसाच्या स्कूटरचा उजवा इंडिकेटर एकदा लागला की बंद व्हायचा नाही. डावीकडं वळतानाही उजवाच लुकलुकत असायचा. दर वेळी ते निघाले की मी मागून ओरडायचो, "भाऊ, इंडिकेटर!" ते मागं न बघता हात हलवायचे आणि तसेच जायचे.

खरं म्हणजे मी सांगतोय ती गोष्ट काशिनाथच्या सीटची आहे. काशिनाथ माझा ऑपरेटर. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तिथला. घरातले सगळे पिढ्यान्‌पिढ्या टिकाव-घमेल्यावर. हा पोरगा माझ्याकडे मशीन पुसायला लागला आणि बघता बघता ऑपरेटरच्या सीटवर बसला. वाडीतून त्या सीटवर बसलेला पहिलाच. त्याची आई एकदा पायवाटेनं उतरून फक्त त्याला मशीन चालवताना बघायला आली होती आणि बांधावर बराच वेळ उभी राहून परत गेली. ती सीट गेली तर काशिनाथला टिकावाशिवाय दुसरं काही नव्हतं. हे मला माहीत होतं. पण मशीन बंद पडलं की माझं डोकं फिरतं, आणि फिरलेलं डोकं जवळच्या माणसावरच फुटतं. मशीनच्या सगळ्यात जवळ काशिनाथच असायचा.

पहिल्यांदा मशीन पडलं ते वडिवळ्यालाच, भातखाचरं सपाट करताना. पाऊस तोंडावर आलेला, शेतकरी घाईला आलेले, आणि मशीनचा हात हलेना. सीटच्या डाव्या बाजूला एक लाल दांडी असते. ती वर असली की इंजिन कितीही बोंबललं तरी मशीन हात हलवत नाही. उतरताना चुकून कुणाला लागू नये म्हणून ही सोय. दांडी खाली केली की तिच्याखालचं बटण दाबलं जातं, तिथून वीज एका वॉल्व्हला जाते, वॉल्व्ह उघडतो आणि मग तेल वाट धरतं. तर त्या दिवशी दांडी खाली होती आणि तेल काही वाट धरत नव्हतं.

गौतमभाऊ आले. मला वाटलं, लगेच पाना घेऊन भिडतील. ते बसले बांधावर. काशिनाथला समोर बसवलं आणि विचारायला लागले. बंद पडायच्या आधी काय करत होतास? सकाळी पहिल्यांदा हात हलला का? हळूहळू गेला का एकदम गेला? इंजिनाचा आवाज बदलला का? मग तेच सगळं उलट्या क्रमानं. 

"अहो भाऊ, त्यानंच काहीतरी ओढलं असणार," मी म्हणालो. "वायर-बियर तोडली असेल."

"कोण ते पोलीस विचारत्यात, शेठ," ते शांतपणे म्हणाले. "मी कुटं ते विचारतो. तुमाला कोण पायजे का कुटं पायजे, ते आधी ठरवा."

मी घड्याळ बघितलं.

शेवटी गौतमभाऊ उठले. वॉल्व्हच्या तोंडाशी असलेला वायरींचा जोड, ज्याला हे लोक कपलर म्हणतात, तो सोडवून मीटर लावलं. मीटरवर पूर्ण चोवीस व्होल्ट. मी म्हणालो, "झालं! वीज येतेय, म्हणजे वॉल्व्ह गेलाय. नवा मागवतो." गौतमभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर पंगतीत जोडे घालून शिरलोय. पिशवीतून ट्रकच्या हेडलाइटचा एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या, आणि तो त्याच कपलरला लावला. बल्ब लागला, पण कसा, तर नुसता लालसर. असून नसल्यासारखा.

"मीटरला भूक नसती, शेठ. त्ये नुस्तं डोकावून सांगतं, घरात सैपाक हाय. पण किती शिजलंय ते पंगत बसवल्याबिगार कळत न्हाई. ह्यो बल्ब म्हंजी जेवणारा माणूस."

मग तो जेवणारा माणूस हातात धरून ते वायरीमागून निघाले, आणि दुपार टळायला आली तेव्हा मशीनच्या अंगाला वायर जोडणारा अर्थिंगचा बोल्ट त्यांना सापडला. मागच्या वर्षी मीच मशीनला नवा रंग मारून घेतला होता, तो रंग बोल्टाखाली बसला होता आणि त्याखाली गंज. बोल्ट घासून पुन्हा आवळला तसा बल्ब डोळे दिपतील असा पेटला. काशिनाथ माझ्याकडे बघत होता. मी बल्बाकडे बघत होतो.

मग कपलर जागेवर बसवताना त्यांनी तोंडानं "टक्!" असा मोठ्यानं आवाज केला. ही त्यांची सवय. कपलर पक्का बसला की त्याची खिट्टी टक् करते, आणि हे तिच्याबरोबर स्वतःही टक् म्हणणार. चार कपलर बसवायचे असतील तर चार वेळा टक्. लग्नात भटजी 'सावधान' म्हणतो त्या थाटात. "टक् झाल्याबिगार हात काढायचा न्हाई," हे वर काशिनाथला ऐकवायचं. पुढं पुढं त्या टक् शब्दानंच माझ्या कपाळावर आठी चढायला लागली.

दुसऱ्यांदा मशीन पडलं ते दिवाळीच्या सुमाराला. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा जोरात असते. सगळं मशीन धुवायचं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, नारळ फोडण्यात हयात गेलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की मशीनचा जीव जिथं ऑपरेटरचा हात जातो तिथं असतो, म्हणून नारळ केबिनमध्येच फुटला पाहिजे. त्याप्रमाणे तो सीटच्या डाव्या बाजूला, त्या लाल दांडीपाशी फुटला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. गौतमभाऊही होते. ते बौद्ध. हात जोडत नाहीत, पण बोलावलं की येतात, एका बाजूला उभे राहतात, प्रसाद खातात, आणि खोबरं शिळं आहे का ताजं तेही सांगतात.

त्यानंतर काही आठवड्यांनी मशीन मध्येच थांबायला लागलं. दांडी दोनचारदा वरखाली केली की चालायचं, पुन्हा थांबायचं. या वेळी मी आधी डीलरकडचा इंजिनियर बोलावला. गुणी मुलगा. त्यानं लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, लाल दांडीच्या बटणाच्या सर्किटमध्ये दोष आहे, पण त्याला पुढच्या साइटवर जायचं होतं. गौतमभाऊंना ते सांगितलं तर चिडतील असं मला वाटलं. छे! खूश झाले. "बेस झालं. लॅपटॉपनं गल्ली सांगितली, आता घर आपुन हुडकू." मी म्हणालो, गल्ली कळलीच आहे तर सगळी वायरिंगच बदलून टाका. त्यावर त्यांनी मला सांगितलं की गावात एकाला ताप आला म्हणून सगळ्या गावाला सुई टोचत नाहीत.

डावीकडचं झाकण उघडलं तर आत मुंग्या. कपलरमधून एका ओळीनं आत-बाहेर चाललेल्या.

"मुंग्या वायर खायला येत न्हाईत," गौतमभाऊ म्हणाले. "हितं कायतरी गोड हाय."

बस्स! मला तेवढंच पाहिजे होतं. काशिनाथ केबिनमध्ये बसून चहा पितो हे मी हजारदा बघितलं होतं. मी जो सुटलो तो सुटलो. चहा सांडलास, लपवलंस, सीटवर बसायची लायकी नाही तुझी, उद्यापासून टिकाव घे. तो खाली मान घालून उभा राहिला.

गौतमभाऊंनी कपलर सोडवला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यांनी कापसानं पुसायला सुरुवात केली आणि कापूस माझ्यासमोर धरला. त्याला हिरव्याबरोबर लालही लागलं होतं. कुंकू. आणि नारळाच्या शेंडीचा एक धागा.

आबा तिथंच खुर्चीवर बसले होते. सगळ्या साइटला ठाऊक होतं की नारळ कुणी फोडला. मी तोंड उघडलं नाही, कारण मघाशी ज्या आवाजात काशिनाथवर ओरडलो त्या आवाजात आबांवर ओरडायची माझी छाती नाही. मला वाटलं, आता गौतमभाऊ बोलणार. ते पिना घासत बसले. कुणाकडंच न बघता एवढंच म्हणाले, "पुढल्या साली नारळ बकेटच्या दातांवर फोडा. लोखंडाला काय व्हत न्हाई."

"देवाचं पाणी कदी बाधत न्हाई," आबा खुर्चीतून म्हणाले.

"व्हय आबा, देवाचं बाधत न्हाई. नारळाचं बाधतं."

आबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याशी! मी काय केलं होतं? गौतमभाऊंनी मात्र पिना साफ केल्या, कपलर बसवला, "टक्!" म्हणाले आणि आबांनी दिलेला चहा पिऊन गेले.

मी मागं एकदा कामशेतला टपरीवर त्यांना छेडलं होतं. "कोण" म्हटल्यावर तुम्हाला एवढं का झोंबतं? आधी म्हणाले, चहा निवतोय. मग आपणहून सांगितलं. कारखान्यात एकदा लाइन बंद पडली. साहेब लोक जमले, आणि सगळी पाळी फक्त कोणी केलं, कोणी केलं यातच गेली. शेवटी दशरथ नावाचा एक कंत्राटी कामगार पकडला, कारण शेवटचा हात त्याचा होता. त्याला गेटच्या बाहेर काढला.

"माणूस गेला, शेठ. वायर तितंच व्हती, तुटकी. मी दुसऱ्या पाळीला बसून हुडकली. पॅनेलच्या दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटली व्हती. दार समदेच उघडायचे. मी बी उघडायचो. साहेबाला म्हणलो, आता दशरथला बोलवा. साहेब म्हणला, आता ते झालं." चहा संपवून त्यांनी कप उलटा ठेवला. "मग माझं मन लागंना तितं."

हे ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून काही माझा स्वभाव बदलला नाही.

तिसऱ्यांदा मशीन पडलं ते लोणावळ्यात. तिथं एका हॉटेलच्या पायाचं काम मिळालं होतं. बाजारात तासाच्या भाड्यानं चालणारी मशीनं रांगेत उभी असताना मला मिळालं होतं, म्हणून ते हातचं जाईल या भीतीनं मी आधीच तणतणत होतो. काशिनाथला मी बजावून सांगितलं होतं: इथं मशीन थांबलं तर चावी काढून घेईन. आणि मशीन थांबायला लागलं. जरा चालतंय, थांबतंय, पुन्हा चालतंय. मी बदली ऑपरेटर बसवला. त्यानं सकाळभर मशीन असं चालवलं की एकदाही अडखळलं नाही. पुन्हा काशिनाथ बसला, पुन्हा थांबलं. आता आणखी काय पुरावा पाहिजे होता? वाडीत जत्रा होती, त्याला घरी जायचं होतं, म्हणून तोच दांडीशी खेळ करतोय अशी माझी खात्री पटली. मी खड्ड्यात उतरलो आणि त्याच्या हातातून चावी घेतली.

"शेठ, मी काय केलं न्हाई," एवढंच म्हणाला. डबा आणि टॉवेल उचलून मशीनपासून लांब जाऊन दगडावर बसला. पण गेला नाही.

गौतमभाऊंना मी फक्त मशीन ठीक करायला बोलावलं होतं. ते आले, पांढरा शर्ट, पिशवी, आणि पहिला प्रश्न, "काशिनाथ कुटं हाय?" मी म्हटलं, त्याला काढलाय, तुम्ही वायरिंग बघा. ते सरळ त्याच्याजवळ जाऊन दगडावर बसले आणि पहिल्यापासून विचारायला लागले. हॉटेलचा साहेब घड्याळ बघतोय, डंपर रांगेत उभे, मी दातओठ खातोय, आणि यांचं आपलं चाललंय: थांबलं तवा बकेट कुटं व्हती? मातीत का दगडात? बदलीवाला कुटं चालवत व्हता? असं विचारता विचारता निघालं की बदली ऑपरेटरनं सकाळभर वरचा मुरूम काढला होता. काशिनाथ खाली काळ्या दगडात होता. दगडात बकेट आदळली की सगळं मशीन हादरतं.

"चावी द्या. दोघांना बी दगडात चालवू द्या," गौतमभाऊ म्हणाले.

बदली ऑपरेटर दगडात उतरला, आणि मशीन दुसऱ्या दणक्याला थांबलं. मग गौतमभाऊ चपला काढून केबिनमध्ये चढले. डाव्या बाजूचं झाकण उघडलं. बल्ब लावून एका हातानं वायरी हलवत गेले. मी खालून बघत होतो. एका जागी बल्ब विझला, लागला, विझला. त्यांचा हात तिथंच राहिला. तो दिवाळीतला कपलर होता, कुंकवाचा.

मला वाटलं, आता टक् ऐकू येईल आणि मी काशिनाथला चावी द्यायची का नाही यावर विचार करत बसेन. टक् ऐकू आलं नाही. ते बराच वेळ तसेच वाकून होते. कपलर नुसता दाबून, झाकण लावून खाली उतरले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी 'कोण' म्हणून विचारलं असतं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, आणि मला ते पाठ होतं.

ते खाली उतरले. शर्टाच्या खांद्याला काळं ग्रीस लागलं होतं, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. काशिनाथला हाक मारली. हॉटेलच्या साहेबालाही बोलावलं.

"शेठ, आज विचारा," म्हणाले.

"काय विचारू?"

"कोण ते."

 आजवर ज्या प्रश्नावर या माणसानं मला झिडकारलं तो प्रश्न आज माझ्या तोंडातून निघेना. "असू द्या भाऊ," मी म्हणालो, "सापडलं ना, झालं."

"झालं न्हाई. माणूस दगडावर बसलाय. विचारा."

"कोण?" मी विचारलं.

"मी. खिट्टी बसलीच नव्हती. मी तोंडानं टक् म्हणलो, कपलर म्हणला नव्हता. आजकाल त्यो आवाज मला येतच न्हाई. सवयीनं म्हणत राहिलो." मग हॉटेलच्या साहेबाकडे वळून, त्याला नीट समजावं म्हणून शुद्ध भाषेत म्हणाले, "चूक माझी आहे. या मुलाची नाही."

त्यांनी चावी काशिनाथच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "वर जा. कपलर तू बसव. मला ऐकाय येत न्हाई, तू ऐक."

काशिनाथ चपला काढून चढला. आम्ही सगळे खाली उभे. आतून खिट्टीचा बारीक आवाज आला, मला अगदी स्वच्छ ऐकू आला, आणि पाठोपाठ काशिनाथ जोरात ओरडला, "टक्!" गौतमभाऊंनी मान हलवली. त्यांनी काय ऐकलं ते मला माहीत नाही. मशीन चालू झालं, बकेट दगडावर आदळली, पुन्हा आदळली. हात थांबला नाही.

त्यांनी ट्रकचा तो बल्ब, वायरींसकट, काशिनाथच्या डब्याच्या पिशवीत टाकला. मला म्हणाले, "आता मला बोलवू नका, शेठ. कान नसलेल्या माणसानं ह्ये काम करू नये." मी काहीतरी म्हणणार होतो. दोन वर्षं ज्याच्यावर मनातल्या मनात आगपाखड केली त्या माणसाला थांबा म्हणायचं होतं, पण मला तसं बोलता येत नाही, आणि त्यांनी तोवर हेल्मेट घातलं होतं.

सुट्टीचा दिवस होता, रस्त्यावर चिक्कीच्या दुकानांपुढं गाड्याच गाड्या. गौतमभाऊंची स्कूटर त्या गर्दीत शिरली, खांद्यावर ग्रीसचा डाग लागलेला पांढरा शर्ट, आणि उजवा इंडिकेटर लुकलुकत असताना ती डावीकडे वळली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि इंडिकेटरची ती बारीक टिकटिक त्यांना ऐकूच येत नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.